तुळशीचं लग्न लागायच्या आत देवयानी

देवयानी दीर्घिकेचं (इंग्रजीत अँड्रोमेडा) आणि माझं बिनसतं ते तारखांवरून. मी फलटणला लग्नांचे फोटो काढतो. तुळशीचं लग्न लागलं की आमची लग्नसराई सुरू, आणि नेमकी त्याच दिवसांत ही दीर्घिका संध्याकाळी सव्वासातला, अंधार पडतो न पडतो तोच, क्षितिजापासून ५० अंशांवर येऊन बसलेली असते. म्हणून माझ्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर दोन रंगांच्या खुणा असतात. लाल म्हणजे मुहूर्त, निळी म्हणजे चंद्राचा त्रास नसलेली रात्र. जिथे निळी आहे आणि लाल नाही, ती रात्र माझी, देवयानीचा फोटो काढायची.

गेल्या वर्षी मी ५१ मिलिमीटर व्यासाची, २५० मिलिमीटर फोकल लेंथची छोटी अपवर्तक (भिंगाची) दुर्बीण घेतली. तिच्याबरोबर स्टार अ‍ॅडव्हेंचरर जीटीआय हा माउंट (दुर्बिणीला ताऱ्यांच्या मागे फिरवणारं मोटरचं यंत्र), आणि एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटच्या चुका सुधारायला, म्हणजे गाइडिंगला, एक छोटी दुर्बीण (गाइड स्कोप) आणि गाइड कॅमेरा. फोटो काढायचा कॅमेरा मात्र जुनाच, लग्नातला क्रॉप सेन्सरवाला डीएसएलआर. खोकी उघडल्यापासून पहिला धड फोटो हाती येईपर्यंत सहा रात्री गेल्या. त्यातल्या चार वाया गेल्या त्या आकाशामुळे नव्हे, माझ्यामुळे. तुमच्या कमी जाव्यात म्हणून हे लिहितोय.

घेण्याआधी एक भागाकार

दीर्घिका म्हटलं की लोकांना वाटतं, लांबची वस्तू, मोठी दुर्बीण लागणार. देवयानीच्या बाबतीत उलटं आहे. ती आकाशात सुमारे ३ अंश लांब आणि १ अंश रुंद पसरलेली आहे, म्हणजे लांबीत पौर्णिमेचे सहा चंद्र एका रांगेत मांडावेत एवढी. मोठ्या दुर्बिणीत तिचं फक्त पोट दिसतं. म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी हा हिशोब करा: सेन्सरची लांबी मिलिमीटरमध्ये घ्या, फोकल लेंथने भागा, ५७.३ ने गुणा. उत्तर अंशांत येतं. माझा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटर. २५० ला ते होतं ५.१ बाय ३.४ अंश. देवयानी मावते आणि भोवती श्वास घ्यायला काळं आकाशही उरतं.

हाच हिशोब ११.३ मिलिमीटरच्या चौकोनी सेन्सरला लावा. २.६ अंश येतात. म्हणजे दीर्घिका तिरकी ठेवली तरच कशीबशी आत, आणि टोकं चौकटीला टेकलेली. कॅमेरा चांगला असून उपयोग नाही. हल्ली मिळणाऱ्या छोट्या स्मार्ट दुर्बिणींपैकी काहींचं क्षेत्र तर सव्वा बाय पाऊण अंश आहे. त्यांना तुकडे जोडून मोझेक करावं लागतं. दुर्बीण घ्यायची ऐपत आत्ता नसेल तर २०० मिलिमीटरची लेन्स याच माउंटवर लावा.

कॅमेऱ्याचं अजून एक. ‘आतला फिल्टर काढून घे, हायड्रोजनचा लाल रंग चांगला येतो,’ असं मला चौघांनी सांगितलं. खरं आहे, साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर तो लाल बराचसा अडवतो आणि देवयानीच्या बाहूंमधले गुलाबी ठिपके फिके येतात. पण त्याच कॅमेऱ्याने मला दुसऱ्या दिवशी नवरीचा शालू टिपायचा असतो. फिल्टर काढला तर अख्खं वऱ्हाड लालबुंद. गुलाबी ठिपके गेले तरी चालतील. देवयानीचा बहुतेक उजेड ताऱ्यांचा आहे, हायड्रोजनचा नाही, त्यामुळे ज्यांना नुसती सुरुवात करायची आहे त्यांनी कॅमेरा उघडू नये.

गच्चीवर, दिवसा

माझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे माउंट पहिल्यांदा उघडला तोच माळावर, रात्री, डोक्याला टॉर्च बांधून. तसं करू नका. दोन रविवार गच्चीवर घालवा.

या माउंटांची पुस्तकं वरच्या अक्षांशांच्या लोकांसाठी लिहिलेली असतात. तिकडे ध्रुव, म्हणजे आकाश ज्याभोवती फिरताना दिसतं तो बिंदू, निम्म्या आकाशावर असतो. आपल्याकडे ध्रुवाची उंची म्हणजे गावाचा अक्षांश. मी जिथे जातो तिथे जेमतेम पावणेअठरा. त्यामुळे माउंटचा मुख्य आस जवळजवळ आडवाच पडतो आणि दुर्बिणीचं सगळं ओझं उत्तरेकडे झुकतं. म्हणून ट्रायपॉडचा एक पाय उत्तरेला ठेवा, नाहीतर पालथं पडायची भीती. पण तो पाय उत्तरेला ठेवला की प्रतिवजनाची दांडी खाली लोंबते ती नेमकी त्याच पायाच्या अंगाला येते. दिवसा हाताने फिरवून पाहिलं म्हणून मला कळलं, रात्री मोटरने फिरवलं असतं तर खाटकन आवाजानेच कळलं असतं. उपाय सोपा आहे: ट्रायपॉड आणि माउंट यांच्यामध्ये लावायचा छोटा खांब मिळतो, तो घ्या. आपल्या अक्षांशावर तो चैनीची वस्तू नाही.

मग तोल. या माउंटला पाच किलो झेपतात. माझी दुर्बीण, कॅमेरा, गाइड स्कोप, पट्टे, वायरी मिळून तीन किलोच्या आसपास जातात, आणि याच्यापुढे मी जाणार नाही. क्लच सैल करून दांडी आडवी धरा आणि वजन मागेपुढे सरकवा. तराजूसारखा काटेकोर तोल नको; पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवा, म्हणजे गिअरचे दात एकमेकांना टेकून राहतात आणि मोटर हिसके देत नाही. तोल साधताना कॅमेरा, बॅटरीची वायर, दुर्बिणीची दव-पट्टी (काच कोमट ठेवणारी) सगळं जागेवर हवं. मी आधी तोल साधला आणि मग पट्टी बांधली, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून.

वायरी एकत्र गुंडाळून बांधा, पण फिरायला ढील ठेवून. दुर्बीण सगळ्या दिशांना फिरवून बघा की वायर कुठे अडकते का.

लॅपटॉपवर कॅमेरा आणि माउंट चालवायला निना, गाइडिंगसाठी पीएचडी २ आणि फोटोतले तारे ओळखायला अ‍ॅस्टॅप, ही तिन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. अ‍ॅस्टॅपला लागणारी ताऱ्यांची यादी घरच्या वायफायवरच उतरवून घ्या. माळावर मोबाइलला रेंज नसते आणि ती फाइल मोठी असते.

फोकसही दिवसा एकदा लांबच्या टॉवरवर बघून घ्या. रात्रीचा फोकस त्याच्या अगदी जवळपास येतो, मग अंधारात चाचपडावं लागत नाही. दुर्बिणीच्या फोकसच्या कड्यावर त्या जागी मी नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. मेकअपवाल्या ताईंकडून घेतला, रंग गुलाबी.

रात्र कोणती, जागा कोणती

चंद्राचा हिशोब कालनिर्णयात संकष्टीच्या चंद्रोदयाने सुरू करा. ती वेळ छापलेली असते. तिथून पुढे चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो. वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीच्या आसपास येतो. म्हणजे अष्टमीपासून शुद्ध चतुर्थीपर्यंतच्या रात्री आपल्या कामाच्या. अश्विन वद्य अष्टमी ते धनत्रयोदशी हे पाच-सहा दिवस मला सोन्यासारखे: पाऊस बहुधा परतलेला, हवा धुतलेली, लग्न एकही नाही. दिवाळीच्या दोन-तीन रात्री सोडून द्या. फटाक्यांचा धूर खेड्यातही दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळतो. पितृपक्षातही आमचा धंदा बंद असतो आणि अमावस्या जवळ असते, पण तेव्हा ढग माझं ऐकत नाहीत.

आमच्याकडे अजून एक गोष्ट आहे, ती कुठल्या पुस्तकात नाही. गळीत हंगाम. कारखान्यांची धुराडी पेटली आणि तोडलेल्या फडांत पाचट जाळायला सुरुवात झाली की फलटणच्या बागायती पट्ट्यात आकाश दुधाळ होतं. शिवाय उसाला पाणी दिलेलं असतं, त्यामुळे दव. म्हणून मी मोगराळे घाट चढून माण तालुक्यात, दहिवडीच्या बाजूला जातो. तिथे पाऊस कमी, ऊस कमी, दिवेही कमी. त्या मुलुखाचं दुष्काळी असणं माझ्या कामाचं आहे, हे बोलताना थोडं ओशाळल्यासारखं होतं.

जागा निवडताना उत्तर उघडी आहे ना, हे आधी पाहा. ध्रुव १८ अंशांवर म्हणजे हात लांब करून अंगठा आणि करंगळी ताणली तर तेवढ्यात येतो. एखादी बाभूळ किंवा घराचं पाखं त्याला झाकायला पुरतं. देवयानीही सगळ्यात उंच येते ती डोक्याच्या उत्तरेलाच, सुमारे ६६ अंशांवर. म्हणून मोठं शहर शक्यतो दक्षिणेला असलेलं बरं. माझ्या बाबतीत फलटण उत्तरेला पडतं, पण मधल्या महादेवाच्या डोंगररांगेने त्याचा बराच उजेड अडतो. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाच्या दिवसांत मात्र त्या बाजूला फिरकू नका, रात्रभर गाड्यांचे दिवे.

आणि आधी सांगून जा. रात्री माळावर लॅपटॉप, लाल दिवा, काळी नळी आणि दोन अनोळखी माणसं, हे गावाला काय वाटेल याचा विचार करा. मी पहिल्या वेळी न सांगता गेलो आणि अर्ध्या तासात सहा मोटारसायकली आल्या. आता पोलीस पाटलांना दुपारीच फोन करतो. ज्यांच्या पडीक रानात उभा राहतो ते तात्या आता स्वतःच येऊन बसतात, घोंगडं घेऊन. हिरवा लेसर मी वापरत नाही. लोक घाबरतात आणि विमानं जातात. शेतातल्या खांबावरचा एलईडी दिवाही तात्यांना आठवणीने बंद करायला सांगावा लागतो, कारण रात्री थ्री फेज वीज आली की तो आपोआप पेटतो. दुसऱ्या रात्री असाच पेटला आणि चाळीस मिनिटांच्या फोटोंवर पिवळी झाक आली.

ध्रुव साधणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माउंटचा आस खगोलीय ध्रुवावर नेमका रोखला नाही तर गाइडिंग कितीही चांगलं असो, चौकटीच्या कडेचे तारे हळूहळू गोल फिरतात.

ध्रुवतारा स्वतः नेमका ध्रुवावर नाही, सुमारे ४० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) बाजूला आहे, म्हणजे चंद्राच्या व्यासाहून जास्त. माउंटच्या ध्रुव-दुर्बिणीत घड्याळासारखं वर्तुळ असतं आणि त्यावर त्या क्षणी ध्रुवतारा कुठे ठेवायचा ते मोबाइल अ‍ॅप सांगतं. ते जमिनीवर गुडघे टेकून, मान वाकडी करून करावं लागतं, आणि आपल्याकडे ध्रुव इतका खाली की अक्षरशः लोळावं लागतं. एकदा हे केलं की पुढचं निनावर सोपवा. त्यात तीन-बिंदू ध्रुवसाधनाचं प्लगइन आहे. ते मुख्य आस थोडा थोडा फिरवून तीन फोटो घेतं, तारे ओळखतं आणि सांगतं, एवढं वर, एवढं डावीकडे. मग उंचीचा आणि बाजूचा स्क्रू हळूहळू फिरवायचा. ध्रुवतारा धुरकटात दिसत नसला तरी हे चालतं, आकाशाचा कुठलाही मोकळा भाग पुरतो. चूक एक-दोन कलांच्या आत आली की थांबा. मी शून्याच्या मागे लागून पाऊण तास घालवलाय, त्यातून काही मिळालं नाही.

स्क्रू शेवटी घट्ट करताना आकडा पुन्हा हलतो. घट्ट करून पुन्हा तपासा. हे मी तीन रात्री विसरलो.

शोधणं आणि चौकट

गो-टू माउंट आहे, बटण दाबलं की जातो. तरी डोळ्याने शोधायला शिका, कारण माउंट कुठे भलतीकडे बघत असेल तर तुम्हाला कळायला हवं. भाद्रपदांचा मोठा चौकोन धरा. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून देवयानीच्या ताऱ्यांची रांग निघते. त्यातल्या मिराक या ठळक ताऱ्यापर्यंत जा, तिथून काटकोनात शर्मिष्ठेच्या बाजूला वळा, म्यू आणि न्यू असे दोन मंद तारे लागतात. न्यूच्या शेजारी जो धुरकट डाग आहे, तीच. माणच्या माळावरून तो नुसत्या डोळ्याने दिसतो. इराणी खगोलवेत्ता अल सूफी याने इसवी सन ९६४ च्या सुमारास त्याला छोटा ढग म्हणून नोंदवलंय, आणि इतकं नेमकं वर्णन मला तरी जमलं नसतं.

महाभारतात शर्मिष्ठेने देवयानीला विहिरीत ढकललं आणि ययातीने वर काढलं. आकाशात तिघंही शेजारी शेजारी राहतात. तात्यांना हे सांगितल्यावर ते शर्मिष्ठेकडे जरा रागानेच बघायला लागले.

चौकट लावताना कॅमेरा दुर्बिणीच्या मागे फिरवा, म्हणजे दीर्घिकेची लांबी सेन्सरच्या लांबीला समांतर येईल. वीस सेकंदांचा एक फोटो मोठ्या आयएसओवर काढून बघा, तिरकं किती आहे कळतं. तिच्या दोन सोबतिणी दीर्घिका, लहान गोल एम ३२ आणि पसरट एम ११०, आत आल्या पाहिजेत. न्यू तारा निळसर झळकत एका बाजूला येतो. तो ठेवा, बरा दिसतो. एकदा कॅमेरा फिरवून घट्ट केला की सकाळपर्यंत त्याला हात नाही. का, ते पुढे सांगतो.

फोकस आणि उघडझाप

फोकससाठी बाह्टिनोव्ह मुखवटा वापरा. जाळीदार झाकणासारखी चकती असते ती. एखाद्या ठळक ताऱ्यावर, मी मिराकवर करतो, ती लावली की ताऱ्याला फुलीसारख्या दोन रेघा आणि मध्ये एक तिसरी रेघ दिसते. मधली रेघ फुलीच्या बरोबर मध्यावर आली की फोकस झाला. मुखवटा काढायला विसरू नका. हसू नका, सगळे विसरतात.

माळावर संध्याकाळी २६ अंश असलेलं तापमान मध्यरात्री १५ वर येतं, नळी आकसते, फोकस सरकतो. म्हणून दर दीड तासाला पुन्हा बघा.

आता कॅमेरा. रॉ, मॅन्युअल, आयएसओ ८००, प्रत्येक फोटो १२० सेकंदांचा. व्ह्यूफाइंडरची खिडकी काळ्या टेपने बंद करा. डीएसएलआरमध्ये तिथून उजेड आत शिरतो. पहिला फोटो काढून मागच्या पडद्यावर हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा: डोंगर डाव्या भिंतीपासून सुटलेला आणि साधारण पाव ते तृतीयांशावर असावा. डावीकडे चिकटला असेल तर वेळ वाढवा, मध्यावर गेला असेल तर आकाशच उजळ आहे, वेळ कमी करा.

आणि मेनूमध्ये जाऊन ‘लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन’ बंद करा. माझी पहिली रात्र याने खाल्ली. दिवाळीत आकाशकंदिलांचे फोटो काढताना मी ते चालू केलं होतं. ते चालू असलं की कॅमेरा प्रत्येक दोन मिनिटांच्या फोटोनंतर शटर बंद ठेवून आणखी दोन मिनिटं काळा फोटो घेतो. मी घोंगड्यात बसून खूश, पाच तास काम चाललंय. घरी जाऊन मोजले तर फोटो निम्मेच.

लग्नाच्या फोटोग्राफरला इथे एक सवय मोडावी लागते. आम्हाला फोटो काढला की लगेच पडद्यावर बघायचा, बरा नसला तर उजेड वाढवायचा. इथे एका फोटोत काही नसतं. मधोमध पिवळट गोळा, भोवती राखाडी धुकं. ते बघून निराश होऊन सेटिंग बदलत बसू नका. धुळीचे काळे पट्टे आणि बाहू येतात ते शंभर फोटो एकावर एक रचल्यावर. हिशोब असा: गोंगाटाच्या तुलनेत चित्र दुप्पट स्वच्छ हवं तर वेळ चौपट लागतो. एका तासाचं काम बघवत नाही, चार तासांचं लोकांना दाखवता येतं, आणि त्याच्या दुप्पट स्वच्छ हवं तर सोळा तास, म्हणजे तीन-चार रात्री. मी चारवर थांबतो. लग्नं असतात.

गाभा फार तेजस्वी आहे, दोन मिनिटांत तो पांढराफट होतो. म्हणून शेवटी १५ सेकंदांचे वीस फोटो वेगळे घ्या.

गाइडिंगमध्ये पीएचडी २ चा आलेख बघून लोक झोप घालवतात. माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल सुमारे ३ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) आकाश व्यापतो, त्यामुळे दीड विकलांपर्यंतची थरथर मला दिसतच नाही. तेवढ्यात असेल तर लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटवा आणि चहा घ्या. डिदरिंग मात्र चालू करा. दर तीन फोटोंनंतर माउंट मुद्दाम थोडासा सरकतो, म्हणजे सेन्सरचे डाग प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी पडतात आणि रचताना पुसले जातात. नाहीतर चित्रात पावसासारख्या तिरक्या रेघा येतात.

नोव्हेंबरच्या मध्यात देवयानी पावणेदहाच्या सुमाराला मध्यमंडल (आकाशातली उत्तर-दक्षिण मधली रेषा) ओलांडते, दिवाळीला अकराच्या आसपास. तेव्हा माउंटला दुर्बीण दुसऱ्या बाजूला उलटवून पुन्हा रोखावं लागतं. निना ते आपोआप करतं, पण पहिल्यांदा शेजारी उभे राहा आणि वायरींवर नजर ठेवा. त्यानंतरचे फोटो उलटे येतात; काळजी नको, रचताना सरळ होतात. एक वाजेपर्यंत ती ४० अंशांच्या वर असते. पुढे धुरकटात उतरते, तिथे मी आवरतो.

दवाचं सांगायचं राहिलं. तिसऱ्या रात्री साडेदहानंतरचे सगळे फोटो हळूहळू मऊ होत गेले आणि मी फोकसला दोष देत बसलो. टॉर्च मारली तर पुढची काच घामेजलेली. पुसू नका, ओरखडे पडतात. काचेच्या लगत दव-पट्टी बांधा आणि ती पहिल्या फोटोपासूनच मंद चालू ठेवा. दव पडल्यावर चालू केली तर अर्धा तास जातो. गाइड स्कोपलाही एक हवी. पट्ट्या, माउंट, कॅमेऱ्याची खोटी बॅटरी (आतल्या बॅटरीच्या जागी बसणारी, वायरवर चालणारी) हे सगळं मी १२ व्होल्ट, २० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीवर चालवतो आणि लॅपटॉपसाठी दुसरी ठेवतो. गाडीच्या बॅटरीवर चालवू नका. घाटाच्या वर पहाटे तीनला गाडी ढकलायला फक्त तात्या असतात.

कॅमेरा चालू असतो तेव्हा बसून राहायचं. एकदा तात्यांनी विचारलं, ‘पाव्हणं, ह्ये किती लांब हाय म्हणायचं?’ मी म्हणालो, उजेडाला तिथून यायला २५ लाख वर्षं लागतात. ‘म्हंजी आत्ता तिथं हाय का न्हाय, त्ये तुमास्नी बी ठावं न्हाय.’ मी म्हणालो, नाही. मग त्यांना सांगितलं की शंभर वर्षांपूर्वीपर्यंत मोठमोठ्या लोकांनाही ती आपल्या आकाशगंगेच्या आत आहे की बाहेर, हे ठरवता येत नव्हतं. १९२३ साली एडविन हबल यांना माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीतून काचेवर घेतलेल्या एका फोटोत तिच्यातला तेज बदलणारा तारा सापडला, त्यावरून अंतर काढलं आणि ती बाहेरची ठरली. तात्या म्हणाले, ‘लेक सासरी गेली म्हणा की.’

उपरणं आणि फ्लॅट

आवरताना दोन कामं. झाकण लावून, तेच १२० सेकंद, तोच आयएसओ, असे पंचवीस काळे फोटो घ्या. कॅमेरा बाहेर गारठ्यातच ठेवून, गाडीत नेऊन नाही, कारण तापमान तेच हवं. मी सामान भरत असतो तेव्हा ते होतात. झाकण लावूनच सगळ्यात लहान शटरचे पन्नास फोटो, त्यांना बायस म्हणतात, दुसऱ्या दिवशी घरी घेतले तरी चालतात.

दुसरं, फ्लॅट. काचेवरची धूळ आणि कडेचा काळोख घालवायला एकसारख्या उजळ पांढऱ्याचे तीस फोटो लागतात. माझ्याकडे लग्नातली पांढरी उपरणी ढीगभर. एक दुहेरी करून नळीच्या तोंडावर ताणून बांधतो आणि टॅबलेटचा पांढरा पडदा त्यावर धरतो. हिस्टोग्राम मध्यावर. मघाशी कॅमेरा फिरवू नका म्हणालो ते यासाठी: फोकस किंवा कॅमेऱ्याचा कोन जरा जरी बदलला तरी धुळीचा डाग एका जागी आणि त्याचा फ्लॅट दुसऱ्या जागी, आणि एकाऐवजी दोन डाग येतात. पाचव्या रात्री मी कॅमेरा आधी काढून बॅगेत ठेवला आणि मग फ्लॅट आठवले. चित्रात एम ११० च्या शेजारी एक मेदूवडा आला, तो अजून आहे.

घरी

फोटो रचायचं सिरिल हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. लाइट्स (दीर्घिकेचे फोटो), डार्क्स (ते काळे फोटो), फ्लॅट्स, बायसेस असे चार फोल्डर करा, तयार स्क्रिप्ट चालवा, जेवून या. उपग्रहांच्या आणि विमानांच्या रेघा रचतानाच गळून पडतात, त्यामुळे ते फोटो आधी काढून टाकू नका. ढग आलेले आणि तारे लांबट झालेले मात्र काढा.

पहिलं काम पार्श्वभूमी सपाट करण्याचं. इथे एक धोका आहे. सिरिल पार्श्वभूमीचे नमुने सगळीकडे पसरतं, काही दीर्घिकेवरही. तिथले हाताने काढा, आणि मोकळ्या मनाने काढा, कारण तिचा मंद घेर दिसतो त्याच्या बराच पुढे जातो. नमुने ठेवलेत तर सॉफ्टवेअर त्या घेरालाच प्रदूषण समजून खाऊन टाकतं आणि तुम्ही चार तास जमवलेलं एका क्लिकवर जातं. मग ताऱ्यांच्या आधाराने रंग जुळवणं, मग ताणणं, म्हणजे मंद भाग उजळ करून वर काढणं. ताणताना हळूहळू, तीन-चार वेळा थोडं थोडं. गाभा जळायला लागला की थांबा आणि १५ सेकंदांच्या रचनेतला गाभा फोटोशॉपमध्ये मऊ मास्कने बसवा.

मधला भाग पिवळसर, जुन्या ताऱ्यांचा; बाहू निळसर, तरुण ताऱ्यांचे. एवढाच रंग खरा आहे. सॅचुरेशनची पट्टी ओढायचा मोह मला रोज होतो, माझा धंदाच तो. पण जांभळी देवयानी म्हणजे हळदीच्या फोटोत नवरी नारिंगी करण्यासारखं आहे. नैर्ऋत्येच्या बाहूत एनजीसी २०६ नावाचा ताऱ्यांचा निळसर ढग आहे. तो वेगळा ओळखू येत असेल तर तुमचा फोकस, वेळ आणि प्रक्रिया तिन्ही ठीक जमलं. माझा सहाव्या रात्रीचा फोटो या परीक्षेत काठावर पास आहे.

छापायला देणार असाल तर लॅबला सांगा, आपोआप सुधारणा बंद ठेवा. नाहीतर त्यांचं मशीन काळं आकाश बघून फोटो कमी उजेडाचा समजतं आणि राखाडी करून देतं. कागद चकचकीत नको, अल्बमला वापरतात तो लस्टर घ्या, आणि पडद्यावर दिसतं त्यापेक्षा थोडं उजळ करून द्या.

मी बारा बाय अठराची एक प्रत तात्यांना दिली. त्यांनी ती ओसरीवर, पांडुरंगाच्या फोटोशेजारी लावली आहे, उलटी. मी काही बोललो नाही. वर कोणतं आणि खाली कोणतं हे मीही त्या रात्री कॅमेरा फिरवूनच ठरवलं होतं.